मिशन शाळेचा चार्ज घेताय? पहिल्या वर्षाचं काम जरा नीट सांगतो

हा लेख महाराष्ट्रातल्या अनुदानित मिशन शाळेत नव्याने मुख्याध्यापक झालेल्यांसाठी आहे. म्हणजे बिशप हाउसची ऑर्डर घेऊन आलेले फादर, प्रॉव्हिन्शियलचं (धर्मसंघाच्या प्रांतप्रमुखांचं) बदलीपत्र हातात पडलेल्या सिस्टर, किंवा वर्षानुवर्षं त्याच शाळेत गणित शिकवून सिनिऑरिटीने खुर्चीत बसलेले सर-मॅडम. विनाअनुदानित इंग्रजी कॉन्व्हेंटचा मामला थोडा वेगळा असतो, तिथे फी आणि बोर्ड हे दोनच विषय डोकं खातात, पण वर्ग आणि मुलं यांच्याबद्दल खाली जे लिहिलंय ते तिथेही चालेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळीकडे तीच येणारे. आपली शाळा सुधारायची म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कमान, पेव्हर ब्लॉक, डिजिटल बोर्ड आणि दहावीचा निकाल येतो, आणि 'ख्रिस्ती शाळा' म्हटलं की चॅपल, क्रूस आणि नाताळचा कार्यक्रम. माझ्या मते दोन्हीची तपासणी एकाच ठिकाणी होते. शेवटच्या बाकावरच्या पोराला मराठी वाचता येतं का, आणि शाळेतली मोठी माणसं त्याच्याशी कशी बोलतात, तिथे.

१. चार्ज यादीवर सही करण्याआधी

शाल, गुच्छ, केक सगळं होऊ द्या. पण जुने मुख्याध्यापक गावात आहेत तोवरच त्यांना आणि लिपिकाला सोबत घेऊन बसा, कपाट उघडा आणि एकेक रजिस्टर स्वतःच्या डोळ्याने बघा. जनरल रजिस्टर पहिल्या खंडापासून आहे का? जुन्या शाळांत पहिल्या खंडांना वाळवी लागलेली असते, आणि जातीच्या दाखल्यासाठी लोक आजही आजोबांच्या नावाची नोंद शोधत येतात, त्यामुळे ते खंड जपून ठेवा आणि जमलं तर पानापानाचे फोटो काढून घ्या. मग सेवापुस्तकं, शाळा मान्यतेचे आदेश, मागच्या काही वर्षांच्या संच मान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरवणारे आदेश), अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र, रोजकीर्द, डेड स्टॉक (सामानाची नोंदवही), पासबुकं. जे सापडलं नाही ते 'आढळले नाही' असं यादीत लिहा आणि मग सही करा. 'नंतर देतो' हे शब्द चार्ज यादीत नकोत, नंतर कोणी देत नाही.

लॉगिनचं लगेच बघा. यू-डायस, सरल (शाळा-विद्यार्थ्यांची माहिती), शालार्थ (पगार) या सरकारी पोर्टलांचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो ते विचारा, नाहीतर सिस्टर बदलून गेल्या दुसऱ्या राज्यात, ओटीपी त्यांच्या फोनवर, आणि सिस्टर मौन साधनेला बसलेल्या, असं होतं (हसू नका, होतं). आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांकडून तुमची मान्यता आणि सहीचे अधिकार. ते अडकलं की पगार बिल अडकतं, पगार अडकला की तुम्ही कितीही चांगले असलात तरी पहिल्याच महिन्यात स्टाफरूममध्ये तुमचं नाव खराब.

जमिनीचे कागदही एकदा बघून ठेवा, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड. पुष्कळ ठिकाणी शाळा एका संस्थेची, जमीन दुसऱ्याच ट्रस्टच्या नावावर, आणि कंपाउंडच्या कोपऱ्यात कोणीतरी टपरी टाकलेली असते. ते भांडण सोडवणं तुमचं काम नाही, पण नवीन खोली बांधायला निघालात की परवानगीच्या वेळी ते समोर येतंच.

२. कोणाचा शब्द कुठे चालतो

कॅथलिक शाळा धर्मप्रांताची असेल तर वर बिशप, धर्मप्रांताचं शिक्षण मंडळ, आणि बहुतेक वेळा मॅनेजर म्हणून तिथलेच पॅरिश प्रीस्ट. धर्मसंघाची असेल तर प्रॉव्हिन्शियल. प्रोटेस्टंट बाजूला चित्र निराळं, १९७० साली नागपुरात अनेक चर्चेस एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पण त्याआधीच्या मिशनच्या संस्था, ट्रस्ट, कमिट्या आपापल्या नावाने राहिल्या, तिथे चेअरमन-सेक्रेटरी असतात, निवडणुका असतात, आणि निवडणूक म्हटली की पॅनलही असतं. नव्या मुख्याध्यापकाला दोन्ही पॅनलवाले चहाला बोलावतात. दोन्हीकडे जा किंवा कुठेच जाऊ नका.

कामाचं असं, की पहिल्या महिन्यात एक पानभर कागद तयार करा आणि मॅनेजर किंवा सेक्रेटरी यांच्याशी बसून तो पक्का करा. मुख्याध्यापक स्वतः काय ठरवणार (वेळापत्रक, वर्गवाटप, परिपाठ, किरकोळ खर्च अमुक रकमेपर्यंत), मॅनेजरला विचारून काय करायचं, आणि कमिटीसमोर काय जाणार. तोंडी नको, लेखी. आपल्याकडे नातेसंबंध इतके गोड असतात की लिहून घ्यायला संकोच वाटतो, आणि मग फर्निचरच्या एका बिलावरून वर्षभर कोणी कोणाशी बोलत नाही.

३. शाळा कशासाठी काढली होती ते शोधा

हे मी इतिहासाच्या आवडीपोटी सांगत नाहीये. 'व्हिजन-मिशन' म्हणून भिंतीवर जी इंग्रजी वाक्यं रंगवलेली असतात ती कुठल्याही शाळेला चिकटवता येतील अशी असतात, तुमच्या शाळेचं खरं उत्तर जुन्या लॉगबुकमध्ये, जुन्या अहवालात आणि रिटायर झालेल्या शिपायाच्या डोक्यात असतं.

आपल्या भागाचंच बघा. अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत आणि १८३१ ला नगरला पोचलं. त्याच मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, १८३९ मध्ये नगरला गेल्या आणि मुलींच्या शाळा चालवत राहिल्या, त्या काळात जेव्हा मुलगी शिकली तर नवरा मरतो असं लोक खरंच मानायचे. जोतिराव फुले स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरची फरार बाईंची शाळा त्यांनी पाहिली, १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला फरार बाईंकडे घेतलं. म्हणजे या शाळांचं मूळ काम काय होतं तर ज्यांना कोणी वर्गात घेत नव्हतं त्यांना आत घेणं. आता तुमच्या शाळेच्या प्रवेशाची यादी काढा आणि बघा की यंदा कोणाला परत पाठवलं. ऊसतोड कामगाराचं पोर, दिव्यांग पोर, 'याला इथे झेपणार नाही' म्हणून दाखला हातात दिलेलं पोर. त्या यादीवरून शाळेचं व्हिजन कळतं. फलक नंतर रंगवा, आणि मराठीत.

४. प्रार्थना, परिपाठ आणि संमती

नवीन माणूस इथे दोन्ही बाजूंनी गडबडतो. एक तर सगळं आहे तसं चालू ठेवतो, किंवा वातावरण बघून घाबरतो आणि प्रार्थनाच बंद करून टाकतो. दोन्हीची गरज नाही.

नियम आधी. संविधानाचं कलम २८(३) म्हणतं की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही, स्वतःची संमती असल्याशिवाय, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची. म्हणजे प्रार्थना गुन्हा नाही, सक्ती चालत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सीबीसीआयने, म्हणजे भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने, आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यातही हेच आहे की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचा, सर्व धर्मांचा मान ठेवा. त्यामुळे कोणी चर्चमधलं म्हणालं की 'तुम्ही शाळेचं ख्रिस्तीपण घालवताय', तर बिशपांचंच पत्र दाखवा.

करायचं कसं? प्रवेश अर्जात बारीक अक्षरात कुठेतरी लपवलेली ओळ नको. वेगळा अर्धा कागद, साध्या मराठीत: शाळेत परिपाठात अशी प्रार्थना होते, ख्रिस्ती मुलांसाठी धर्मशिक्षणाचा तास असतो, इतर मुलांसाठी त्या वेळी मूल्यशिक्षण असतं, तुमच्या पाल्याने प्रार्थनेला बसावं की नाही ते लिहा. 'नाही' लिहिलेल्या मुलाला बाहेर व्हरांड्यात एकटं उभं करायचं नाही, हे शिक्षकांना बजावून सांगा, कारण ती सुद्धा एक प्रकारची सक्तीच झाली. आणि पालकांना असं विचारणं कोणाला चुकीचं वाटत असेल तर पंडिता रमाबाईंचं उदाहरण आठवा. १८८९ मध्ये त्यांचं विधवा-मुलींसाठीचं शारदा सदन सुरू झालं ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू या भरवशावर, पुढे मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वाद पेटला, केसरीने झोड उठवली, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. कोण बरोबर कोण चूक यावर आजही दोन मतं आहेत, पण पालकाला आपल्याला न सांगता काहीतरी चाललंय असं वाटलं की संस्थेचं काय होतं ते त्यातून दिसतं.

५. अल्पसंख्याक हक्क, थोडक्यात

कलम ३०(१) आपल्याला शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. १९५८ मध्येच केरळ शिक्षण विधेयकाच्या वेळी सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की चालवायच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही. महाराष्ट्रात १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा, त्याची १९८१ ची नियमावली आपल्यालाही लागू आहे, सूट आहे ती मुख्याध्यापक आणि आणखी जास्तीत जास्त तीन जणांच्या भरतीपुरती, तीही नावं कळवली असतील तरच. आरटीईमधून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळा बाहेर आहेत, पण सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायाधीशांनी त्या निकालाबद्दल शंका घेऊन विषय मोठ्या खंडपीठाकडे जावा असं म्हटलंय, त्यामुळे टीईटीबद्दल (शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल) स्टाफला ठामपणे काही सांगू नका, पत्रं येतील तशी वाचत राहा. आणि 'आम्हाला आरटीई लागू नाही' म्हणून छडी चालते असं कोणाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. मुलाला क्रूरपणे वागवणं हा बालन्याय कायद्याखालीही गुन्हा आहे.

६. आता खरं काम: वर्गात जा

इथे मात्र वेळ द्या. बाकी सगळं लिपिक सांभाळेल.

दहावीपासून सुरुवात करू नका. दहावीला एक्स्ट्रा तास, सराव पेपर, गाइड असं पंप मारून निकाल वर नेता येतो, पण पाया पाचवी-सहावीत खचलेला असतो. सहावीतला एक मुलगा मला अजून आठवतो. वही उघडली तर अक्षर मोत्यासारखं, फळ्यावरचं सगळं उतरवलेलं, प्रत्येक पानावर लाल पेनाने 'छान'. म्हटलं, बाळा, यातली ही ओळ वाच. गप्प. दुसरी वाच. गप्प. मग त्याने बोट ठेवलं आणि 'शे' म्हणाला, 'त' म्हणाला, आणि 'शेतकरी' हा शब्द पूर्ण व्हायच्या आत रडायला लागला. चित्र काढतात तसं तो अक्षरं काढत होता, आणि त्याचा एकही पेपर कोरा नव्हता.

अशी मुलं किती आहेत ते शोधायला कुठल्या एजन्सीची गरज नाही. प्रथम संस्था २००५ पासून 'असर'ची पाहणी करते, त्यांची पद्धत अगदी सोपी आहे: अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. हे चार तुकडे एका कागदावर घ्या. पाचवी ते सातवीची पाच-सहा मुलं रोज तुम्ही स्वतः वाचून घ्या, शिक्षकाला करायला सांगू नका, कारण शिक्षकाला आपलीच परीक्षा चाललीय असं वाटतं आणि तो मुलाच्या कानात सांगतो. ऑफिसमध्ये बोलवू नका, ऑफिस म्हणजे ओरडा खायची जागा, तिथे येणारं पोर वाचणारं असलं तरी वाचणार नाही. झाडाखाली, व्हरांड्यात, जिथे जमेल तिथे. मूल जिथपर्यंत पोचलं तेवढंच त्याच्या नावापुढे लिहा. सोबत एक हातच्याची वजाबाकी, एक साधा भागाकार. महिना-दीड महिन्यात तुमच्याकडे नावानिशी यादी तयार होईल. टक्के काढत बसू नका, टक्के अहवालाला लागतात, शिकवायला नावं लागतात.

मग काय? रोज पहिला तास, तिन्ही इयत्तांची मुलं वर्गाप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवा. अक्षर-शब्दवाले एकीकडे, परिच्छेदवाले दुसरीकडे, गोष्ट वाचणारे तिसरीकडे, ते स्वतः पुस्तकं वाचतील. सगळ्यात खालच्या गटाला शाळेतला सगळ्यात चांगला शिक्षक द्या. यावर भांडण होणारच, कारण आपल्याकडे चांगला शिक्षक म्हणजे दहावी अ, आणि 'त्या' मुलांना नवीन लागलेली मॅडम. इथे तुम्हाला अधिकार वापरावा लागेल, आणि वापरा. गटांना नावं देताना जपून, पोरं दोन दिवसात 'ढ गट' करून टाकतात, त्यापेक्षा खोली नंबरने बोलवा.

स्टाफ म्हणेल, सर, पोर्शन कधी पूर्ण करायचा? रास्त प्रश्न आहे. उत्तर असं, की ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी पोर्शन फळ्यावर पूर्ण होतो, डोक्यात होत नाही, आणि एक तास गेला तरी उरलेल्या तासांत जे शिकवाल ते त्याला कळायला लागेल. पहिले दोन महिने कुरकुर चालू राहील. दोन महिन्यांनी पुन्हा तीच यादी घेऊन वाचून घ्या, आणि जी मुलं वर सरकली त्यांची नावं स्टाफ मीटिंगमध्ये त्यांच्या शिक्षकाच्या नावासकट वाचून दाखवा. भाषणापेक्षा हे जास्त चालतं.

नगर-बीड पट्ट्यात असाल तर दिवाळीनंतरचं बघा. ऊसतोडीला घरं निघाली की मुलंही जातात, हजेरीवर नाव राहतं आणि बाक रिकामा. बोर्डिंग असलेल्या मिशन शाळा इथे खरंच काही करू शकतात, पण दसऱ्याच्या आतच आजी-आजोबांशी, मुकादमाशी बोलून ठेवलं तर. बैलगाडी निघाल्यावर कोणी थांबत नाही.

वर्ग बघायला जाल तेव्हा मागच्या बाकावर बसा आणि शिक्षकाकडे बघू नका, मुलांकडे बघा. वीस मिनिटांत पुढच्या दोन रांगा सोडून किती मुलं बोलली, कोणाला नावाने हाक मारली, कोणाला 'ए' म्हटलं, तेवढं टिपा. त्याच दिवशी शिक्षकाला भेटून चांगलं काय वाटलं ते सांगा आणि सुधारायची एकच गोष्ट सांगा. सात गोष्टी सांगितल्या तर एकही होत नाही. आणि हे लगेच लॉगबुकात लिहू नका, लॉगबुक उघडलं की शिक्षक सेवाशर्तींचे नियम आठवायला लागतो.

७. स्टाफ: सगळेच नातेवाईक

मिशन कंपाउंडमधली गंमत अशी की शिपाई हा चर्चमध्ये पंच असतो, लिपिकाची मावशी कमिटीत असते, आणि तुमच्या पर्यवेक्षिका बाईंच्या मुलाला तुम्ही बाप्तिस्म्याच्या वेळी कडेवर घेतलेलं असतं. रविवारी जो पुढच्या बाकावर बसून प्रार्थना चालवतो त्याला सोमवारी उशिरा आल्याबद्दल विचारायचं म्हणजे अवघड. माझा साधा नियम आहे: शाळेचा विषय चर्चच्या अंगणात काढायचा नाही, कोणी काढला तर 'उद्या अकरा वाजता ऑफिसला या' म्हणायचं. मेमो द्यायची वेळ आली तर नियमावलीप्रमाणे लेखी, उत्तराला वेळ देऊन. रागाच्या भरात व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणालाही काही सुनावायचं नाही, तो स्क्रीनशॉट शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर तुमच्या आधी पोचतो.

दुसरी गोष्ट नाजूक आहे पण बोलायला हवी. आपल्या शाळांत इतर धर्मांचे शिक्षक पुष्कळ असतात, काही ठिकाणी तेच जास्त, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी अख्खं आयुष्य शाळेला दिलेलं असतं. त्यांना 'बाहेरचे' वाटू देऊ नका. सकाळची स्टाफ प्रार्थना ऐच्छिक ठेवा, न आलेल्याची नोंद ठेवू नका. पर्यवेक्षकपद, सहल, परीक्षा विभाग ही कामं आडनाव बघून वाटली जातात असा समज एकदा झाला की तो काढायला पुढच्या दोन मुख्याध्यापकांची कारकीर्द जाते.

८. मुलांची सुरक्षितता, इथे तडजोड नाही

पॉक्सो कायदा २०१२, कलम १९: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची किंवा होण्याची शक्यता कळली तरी पोलिसांना कळवावंच लागतं, कोणीही असो. कलम २१: कळवलं नाही तर शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. आधी मॅनेजरला विचारू, बिशपांना कळवू, शाळेची बदनामी होईल, घरातलं घरात मिटवू, यातलं काहीही नाही. वरच्यांना सांगा, पण पोलिसांना कळवणं त्याची वाट बघत थांबू शकत नाही. माणूस झग्यातला आहे की शर्ट-पँटमधला याने काही फरक पडत नाही, २०१९ पासून पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या आतही तक्रार कळवणं पुरोहितांना आणि धर्मबंधू-भगिनींना बंधनकारक केलंय.

ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या प्रकारानंतर सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रार पेटी यांचे आदेश आले, ते तुमच्याकडे कागदावर पूर्ण असतीलच. जाऊन बघा. तक्रार पेटी ऑफिसच्या दारासमोर लावली असेल तर त्यात चिठ्ठी कोण टाकणार? ती मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जायच्या वाटेवर लावा, किल्ली महिला शिक्षिकेकडे द्या. १०९८ हा नंबर प्रत्येक वर्गात मोठ्या अक्षरात. बोर्डिंग असेल तर रात्री कोण जागं असतं, किल्ल्या कोणाकडे, पाहुण्यांचं रजिस्टर कोण लिहितं, हे न सांगता एका रात्री जाऊन बघा.

९. पैसा, पट आणि इंग्रजीचा मोह

देणगीची सक्ती नको, १९८७ पासून राज्यात कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आहे, आणि 'स्वेच्छा देणगी' प्रवेशाच्या टेबलावरच मागितली तर ती स्वेच्छा राहत नाही. माजी विद्यार्थी हा आपल्या शाळांचा खरा आधार आहे, पण त्यांच्याकडे 'शाळेला मदत करा' म्हणून जाऊ नका, 'या तीस मुलांच्या चष्म्यांचा खर्च' म्हणून जा. आणि पावती द्या, त्याच दिवशी.

पट घसरतोय हे सगळ्या मराठी शाळांचं दुखणं. ३० सप्टेंबरचा पट संच मान्यतेला धरतात, तो कमी झाला की पदं जातात, म्हणून ऑगस्टमध्ये पोरं पळवापळवी चालते. कमिटीत कोणीतरी म्हणणारच की इंग्रजी माध्यम करून टाकू. वसईपासून नगरपर्यंत हा वाद ऐकलाय, आणि गोव्यात तर कोकणी-मराठी-इंग्रजीच्या अनुदानावरून रस्त्यावर माणसं उतरली. माझं मत विचाराल तर सेमी-इंग्रजी नीट चालवा, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि ते शिकवणाऱ्या शिक्षकाला खरंच इंग्रजी येतं याची खात्री करून. माध्यमाची पाटी बदलून शिक्षक तेच ठेवले तर मुलाला ना मराठी वाचता येतं ना इंग्रजी, आणि पालकाला ते कळेपर्यंत आठवी येते.

१०. वर्षअखेर

सरकारी स्वयंमूल्यांकन भरताना खुर्चीत बसून स्वतःला वरचे गुण द्यायची पद्धत आहे, कारण शेजारची शाळाही तेच करते. ते सरकारला द्यायचं ते द्या. पण स्वतःसाठी वेगळं बघा. इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळांची सरकारी तपासणीशिवाय एक वेगळी तपासणी होते, त्यात मुख्य प्रश्न असा असतो की शाळेच्या ख्रिस्ती ध्येयामुळे तिथली मुलं आणि मोठी माणसं खरोखर फुलतात का, आणि ते कशावरून म्हणता. हा 'कशावरून' फार चांगला शब्द आहे, मीटिंगमध्ये वापरून बघा, गडबडीतले अर्धे दावे तिथेच गळतात.

एप्रिलमध्ये मॅनेजमेंटला दोन पानांचा कागद द्या. जूनमध्ये न वाचणारी मुलं कोण होती, आता त्यातली कोण वाचतात, कोण राहिली, नावानिशी. शाळा सोडून कोण गेलं आणि का. किती मुलांना प्रवेश नाकारला. कोणती तक्रार आली आणि तिचं काय झालं. रिकामी पदं. छपराचं गळणं, अंदाजे खर्चासकट. गॅदरिंगचे फोटो जोडू नका, ते त्यांनी पाहिलेत. आणि हा कागद मराठीतच लिहा, कारण इंग्रजी कागद आला की कमिटीतले निम्मे लोक मान डोलावतात आणि सही करून चहा मागवतात, मराठीत असला की प्रश्न विचारतात.